दूध पाजले, पण बोललो का?

"अहो, त्याला अजून काय कळतंय?" दीड वर्षाच्या लेकराकडे बघून आपण हे किती सहज बोलून जातो! पोट भरले, झोपले, की झाले. शिकवायचे ते पुढे शाळेत घातल्यावर. दिवसभर राबून आलेल्या आईबापाला दुसरे सुचायला उसंत तरी कुठे असते? पण जमैका बेटावरच्या गरीब वस्त्यांत काय घडले ते आपण समजून घ्यायला हवे.

जमैका क्रिकेटमुळे आपल्याला ठाऊक आहे. होल्डिंग, वॉल्श तिथलेच. त्या बेटाची राजधानी किंग्स्टन. तिथे 1986-87 साली डॉ. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 129 मुले निवडली. वये नऊ ते चोवीस महिने, आणि सगळीच खुरटलेली, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी. त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला किलोभर दुधाची पावडर मिळे. दुसऱ्या गटातल्या मुलांच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका जाई. तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला यातले काहीच नाही. असे दोन वर्षे चालले.

या सेविका काही मोठ्या शिकलेल्या बाया नव्हत्या. त्या घरात बसत आणि मुलाशी कसे खेळायचे ते आईला दाखवत. खेळणी म्हणजे काय, तर प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या, पुठ्ठ्याचे तुकडे यांपासून केलेली. वस्तूंची नावे सांगा, मूल काही बोलले तर त्याला उत्तर द्या, जमले तर शाबासकी द्या, मारू नका, एवढेच त्यांचे सांगणे. खरा खेळ आईने पुढे आठवडाभर खेळायचा.

सुरुवातीला दूध मिळालेली मुलेही सुधारली. परंतु शाळेच्या वयात नुसत्या दुधाचा बुद्धीवरचा फायदा ओसरला. खेळाचा टिकला. ती मुले बावीस वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासणी झाली. ज्यांच्या घरी सेविका गेली होती त्यांची कमाई, न गेलेल्यांपेक्षा सरासरी 25 टक्क्यांनी जास्त निघाली. त्याच वस्तीतल्या न खुरटलेल्या मुलांची त्यांनी बरोबरी गाठली. उदासी कमी, मारामाऱ्याही कमी.

म्हणून दूध बंद करा असे कुणी समजू नये! उपाशी लेकरू खेळणार तरी कसे? पण मेंदूची घडण पहिल्या दोन-तीन वर्षांत फार वेगाने होते, आणि त्याला अन्नासारखीच बोलण्याचीही गरज असते.

आता वेळेचे म्हणाल, तर भाकरी थापताना "हे पीठ, हा तवा, बघ कसा तापलाय" म्हणायला वेगळा वेळ लागत नाही. जिना चढताना पायऱ्या मोजता येतात. डबा आणि झाकण दिले की लेकरू अर्धा तास रमते. बाबांनीही पाळीवरून आल्यावर दहा मिनिटे मांडीवर घ्यावे. हे एकट्या आईचे काम नव्हे. मोबाईल हातात दिला तर पोर गप्प बसते खरे. पण मोबाईल नुसता बोलत राहतो, लेकराचे "बा" ऐकून थांबत नाही. आजी थांबते.

किंग्स्टनच्या सेविका एक खेळणे घरात ठेवून जात, पुढच्या आठवड्यात ते नेऊन दुसरे देत. आपल्या चाळीतल्या चार-पाच आयांनी अशी अदलाबदल सुरू केली, तर खर्च शून्य. फक्त बाटलीचे झाकण लहान मुलाच्या तोंडात जाणार नाही, एवढे बघा.