दोन बॅटऱ्या जोडल्या की साठा दुप्पट होतो का?

घरच्या इन्व्हर्टरची 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. गुणाकार केला की साठा येतो 1.8 किलोवॅट-तास. तशीच दुसरी जोडली की 3.6. समांतर जोडा नाहीतर एकसर, बेरीज तीच. फरक इतकाच, की एकसर जोडणीत व्होल्टेज 24 होतं, म्हणून तेवढ्याच लोडला करंट निम्मा पुरतो.

इथपर्यंत सगळं शाळेतलंच. आता एक बॅटरी जुनी आहे असं धरा. तिची क्षमता 100 अँपिअर-तासांवर आली आहे. बेरीज म्हणते 3 किलोवॅट-तास. पण एकसर जोडणीत दोन्हींमधून करंट एकच वाहतो. जुनी आधी रिकामी होते आणि तिथेच थांबावं लागतं. हाती येतात 2.4. न थांबलात तर जुनी आणखी खराब होते.

समांतर जोडणीत वेगळाच घोळ. एकीचं व्होल्टेज 12.8, दुसरीचं 12.2 आणि वाटेतला एकूण रोध 0.02 ओहम असेल, तर जोडताक्षणी 30 अँपिअर करंट एकीतून दुसरीत धावतो, घरात एकही दिवा लागलेला नसताना! म्हणून आधी दोन्ही सारख्या चार्ज करून घ्यायच्या.

बघा, बेरीज चुकलेली नाही. चुकलंय ते न लिहिलेलं गृहीतक: ‘दोन्ही बॅटऱ्या सारख्या आहेत’. विजेच्या गाड्यांतून उतरवलेल्या, कमीजास्त झिजलेल्या बॅटऱ्या साठवणुकीसाठी एकत्र कशा वापरायच्या, हा संशोधनाचा विषय नेमका इथूनच निघतो. तुमचा विषय शोधताना आधी सूत्रामागचं असं गृहीतक शोधा.