४५ अंशांत पंखा गार करतो की भाजतो? भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात पंखा घेण्याआधी हे वाचा

भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात एकोडी नावाचं गाव आहे. धानाचा पट्टा, आजूबाजूला तलाव आणि मे महिन्यात पूर्व विदर्भात सगळीकडे असतं तसं ऊन. पारा ४४-४५ पर्यंत गेला की कोणाला नवल वाटत नाही. अशा दुपारी बऱ्याच घरांत एक वाद ठरलेला असतो. पंखा पाचवर फिरत असतो आणि घरातली म्हातारी माणसं म्हणतात, "बंद करा तो, झळा लागतात." पोरं म्हणतात, "पंखा बंद केला तर अजून उकडेल."

तर या वादात बरोबर कोण?

दुपारच्या वादात म्हातारी माणसं. रात्रीच्या आणि पावसाळ्याच्या वादात पोरं. हे उत्तर नीट कळलं तर कोणता पंखा घ्यायचा, कुठे लावायचा आणि कधी बंद ठेवायचा, हे तिन्ही प्रश्न सुटतात.

पंखा खोली गार करत नाही

पहिला गैरसमज इथेच आहे. पंख्यासमोर थर्मामीटर धरला तर आकडा खाली येत नाही. पंखा फक्त हवा हलवतो. उलट त्याची मोटर जेवढी वीज खाते, तिची शेवटी खोलीत उष्णताच होते. म्हणून रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवून "खोली गार करून ठेवली" असं म्हणण्यात अर्थ नाही.

गार वाटतं ते दोन कारणांनी. एक, आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्यापेक्षा थंड असेल तर वारा अंगावरची उष्णता घेऊन जातो. दोन, वाऱ्याने घाम लवकर वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता ओढून घेतो. माठातलं पाणी गार होतं तेच तत्त्व.

३५ च्या वर गणित कुठे फिरतं?

हवा ४५ अंशांची झाली की पहिलं कारण उलटं होतं. आता हवा अंगापेक्षा गरम असते आणि पंखा ती गरम हवा जोरात अंगावर फेकतो. भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं. उरतं फक्त घामाचं कारण, आणि ते हवेत ओलावा किती आहे यावर ठरतं.

दमट हवेत घाम वाळत नाही, अंगावरून ओघळतो. तिथे पंखा मोठं काम करतो. पण विदर्भातल्या मे महिन्याची दुपार कोरडी असते. त्या हवेत घाम तसाही लगेच वाळतो. पंख्याने घामाचा फायदा फारसा वाढत नाही, गरम हवेचा मारा मात्र वाढतो.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी हे प्रयोग करून तपासलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात निरोगी पुरुषांच्या एका छोट्या गटाला दोन प्रकारच्या हवेत बसवलं. ४० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असताना पंख्याने शरीरावरचा ताण कमी झाला. ४७ अंश आणि १० टक्के आर्द्रता असताना पंख्याने तो वाढला. यातली दुसरी हवा म्हणजे जवळपास आपल्याकडची मे महिन्यातली दुपारच.

त्याच गटाच्या २०२१ च्या अभ्यासात पंखा कोणत्या तापमानापर्यंत वापरावा, याच्या सोप्या मर्यादा सुचवल्या आहेत. निरोगी तरुणांसाठी ३९ अंश, निरोगी वृद्धांसाठी ३८ आणि घाम कमी करणारी काही औषधं घेणाऱ्या वृद्धांसाठी ३७. वय वाढलं की घाम कमी येतो, म्हणून ही मर्यादा खाली येते. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की ४० अंशांच्या वर पंखा शरीर गार करत नाही, तापवतो.

म्हणजे आजी "झळा लागतात" म्हणते तेव्हा ती हट्ट करत नसते, तिचं शरीर खरं तेच सांगत असतं.

लक्षात ठेवा, हे आकडे तुम्ही बसता त्या खोलीचे आहेत. मोबाईलवर दिसणारं तापमान बाहेरच्या सावलीतलं असतं. मातीच्या भिंती आणि कवेलूचं घर दुपारी त्यापेक्षा थंड असू शकतं आणि टिनाची खोली त्यापेक्षा गरम. भिंतीवर लावायचा साधा थर्मामीटर फार महाग नसतो. घरात वयस्कर माणूस असेल तर तो घ्याच.

मग पंखा घ्यायचाच कशाला?

कारण भंडाऱ्याचं वर्ष फक्त मेच्या दुपारींचं नाही. अशा कोरड्या, जीवघेण्या दुपारी काही आठवड्यांच्या. पाऊस सुरू झाला की रोवणीच्या दिवसांपासून थेट ऑक्टोबरच्या उकाड्यापर्यंत हवा दमट असते आणि तापमान त्या मर्यादेच्या खाली. त्या काळात कूलर जवळपास निकामी होतो, कारण ओल्या हवेत पाणी वाळतच नाही. तेव्हा पंखा हाच खरा आधार. उन्हाळ्यातल्या बहुतेक रात्रीही पंख्याच्याच.

त्यामुळे पंखा निवडताना डोळ्यासमोर मेची दुपार ठेवू नका. ऑगस्टची रात्र ठेवा. दुपारीसाठी वेगळा बंदोबस्त लागतो, त्यावर पुढे बोलू.

आकार: खोलीची लांबी मोजा

छताच्या पंख्याचा आकार पात्यांच्या घेराने सांगतात. १२०० मिलिमीटर म्हणजे ४८ इंच, हा सगळ्यात जास्त खपणारा. पण "४८ इंची द्या" एवढं पुरत नाही. त्याच आकाराचे दोन पंखे वेगवेगळा वारा देतात. खोक्यावर हवेचा आकडा लिहिलेला असतो, मिनिटाला किती घनमीटर हवा फेकतो तो.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत यासाठी सोपा हिशेब दिला आहे. खोलीची मोठी बाजू मीटरमध्ये मोजा आणि ५५ ने गुणा. १० बाय १२ फुटांच्या खोलीची मोठी बाजू साधारण ३.६६ मीटर, म्हणजे मिनिटाला २०० घनमीटर हवा पुरे. चांगला १२०० मिलिमीटरचा पंखा हे काम करतो. २० फूट लांबीच्या हॉलला मात्र ३३५ च्या आसपास लागेल. तिथे एका पंख्याचा वेग वाढवण्यापेक्षा दोन पंखे लावा.

पाती छतापासून साधारण एक फूट खाली हवीत. छताला चिकटून असतील तर पंख्याला वरून हवाच मिळत नाही. आणि पाती जमिनीपासून इतकी उंच हवीत की पलंगावर उभ्या पोराचा हात पोचू नये. छत बुटकं असेल तर छताचा पंखा सोडा, भिंतीवरचा घ्या.

टिनाच्या खोलीत आणखी एक अडचण आहे. तापलेल्या टिनाखाली गरम हवेचा थर साचतो आणि छताचा पंखा तोच थर खाली ढकलतो. अशा खोलीत सावलीच्या बाजूच्या खिडकीजवळ किंवा दाराजवळ ठेवलेला टेबल फॅन बरा. सूर्य मावळून बाहेरची हवा घरातल्यापेक्षा थंड झाली की तोच पंखा खिडकीत ठेवून बाहेरची हवा आत ओढता येते.

साधा की बीएलडीसी?

साधा १२०० मिलिमीटरचा पंखा फुल स्पीडला साधारण ७५ वॉट खातो. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा साधारण ३० वॉटमध्ये देतो. मोटर चुंबकाची असते आणि तिला इलेक्ट्रॉनिक सर्किट चालवतं, म्हणून ही बचत.

आता हिशेब. पंखा दिवसाला १५ तास चालतो असं धरा. साधा पंखा १.१२५ युनिट घेतो, बीएलडीसी ०.४५. रोज फरक ०.६७५ युनिट, म्हणजे महिन्याला २० च्या आसपास. वर्षात २०० दिवस पंखा चालला तर १३५ युनिट वाचतात. याला तुमच्या बिलातल्या युनिटच्या दराने गुणा. समजा सगळे आकार धरून दर ८ रुपये पडतो, तर वर्षाला १,०८० रुपये. दोन पंख्यांच्या किमतीत हजार-बाराशेचा फरक असेल तर तो वर्ष-सव्वा वर्षात भरून निघतो.

महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटपर्यंतचा दर कमी आहे आणि त्यापुढच्या युनिटांचा बराच जास्त. घरात दोन पंखे असतील तर महिन्याला ४० युनिट वाचतात. तुमचं बिल १३०-१४० युनिटांचं येत असेल तर ही बचत नेमकी महागड्या युनिटांतून होते.

पण पंखा दिवसातून दोन तासच लागणाऱ्या खोलीत बीएलडीसीचे पैसे लवकर वसूल होत नाहीत. तिथे साधा पंखा पुरे.

पंख्यावरचं स्टार लेबलही बघा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ते सक्तीचं आहे. स्टार ठरतात ते एका वॉटमागे पंखा किती हवा देतो यावर. २२० घनमीटर हवा ७५ वॉटमध्ये म्हणजे वॉटला ३ च्या खाली. तीच हवा ३० वॉटमध्ये म्हणजे ७ च्या वर. फक्त एक काळजी घ्या. स्टार चांगले पण हवेचा एकूण आकडा कमी, असा पंखा बिल वाचवेल पण वारा देणार नाही. दोन्ही आकडे वाचा.

व्होल्टेज, इन्व्हर्टर आणि कंडेन्सर

गावाकडचा खरा प्रश्न वीज असून पंखा हळू फिरण्याचा आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की साधा पंखा रखडतो. बीएलडीसीचं सर्किट बऱ्यापैकी कमी व्होल्टेजमध्येही वेग टिकवतं. किती व्होल्टपर्यंत, ते खोक्यावर लिहिलेलं असतं. इन्व्हर्टर असेल तर त्याच बॅटरीवर हा पंखा साध्याच्या दुपटीच्या आसपास वेळ चालतो.

याची दुसरी बाजूही आहे. साधा पंखा बिघडला तर गावातला मिस्त्री दुरुस्त करतो. बीएलडीसीचं सर्किट उडालं तर बहुतेक वेळा ते बदलावंच लागतं. म्हणून वॉरंटी किती वर्षांची आणि दुरुस्ती साकोलीत होते, भंडाऱ्यात की नागपूरला पाठवावी लागते, हे आधी विचारा. जुन्या रेग्युलेटरवर हा पंखा चालवू नका, त्याचा वेग रिमोटने बदलतो. वीज जाऊन आल्यावर तो आधीच्याच वेगाने सुरू होतो का, हेही बघा. नाहीतर म्हाताऱ्या माणसाला अंधारात रिमोट शोधावा लागेल.

आणि घरातला जुना पंखा आजकाल हळू फिरतो म्हणून नवा घ्यायला निघाला असाल, तर थांबा. आधी कंडेन्सर बदलून बघा. अनेकदा तेवढ्या छोट्या खर्चात पंखा पुन्हा पळतो.

कामाच्या जागी वेगळा विचार

घरी वारा सगळीकडे हवा असतो. कामाच्या जागी तो माणसावर हवा, मालावर नको.

किराणा दुकानात किंवा सलूनमध्ये भिंतीवरचा फिरता पंखा सोयीचा, जागा अडत नाही. शिलाई मशीनवर बसणाऱ्याला छताच्या पंख्याने कापड उडतं, म्हणून बाजूने अंगावर येणारा पंखा बरा. विडी वळणं हा या भागातला जुना घरगुती धंदा. तिथे जोराच्या वाऱ्याने तंबाखू उडतो, म्हणून बाया पंखा बंद करून बसतात. अशा खोलीत खिडकीला एक्झॉस्ट लावला तर गरम हवा आणि तंबाखूची धूळ दोन्ही बाहेर जातात आणि पुढ्यातल्या सुपावर वारा येत नाही.

राइस मिलमध्येही तेच. कोंड्याच्या धुळीत पंखा लावला तर धूळ नाकातोंडात जाते. तिथे आधी एक्झॉस्ट, मग पंखा. एक्झॉस्टच्या समोरच्या भिंतीत हवा आत यायला वाट हवी, नाहीतर तो नुसता आवाज करतो.

मेच्या दुपारी काय करायचं?

खोली ४० च्या वर गेली आणि हवा कोरडी असेल तर वाऱ्याला पाण्याची जोड द्या. कूलर तेच करतो. बाहेरची कोरडी हवा ओल्या पॅडमधून आत घेतो. म्हणून कूलर खिडकीत लावा आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा. बंद खोलीत ओलावा साचतो आणि कूलर गार करेनासा होतो.

कूलर नसेल तर अंग, केस आणि कपडे ओले करा, ओला दुपट्टा घ्या. अंग ओलं असेल तोवर पंख्याचा उपयोग होतो, वाळलं की पुन्हा भिजवा. सकाळी ऊन चढण्याआधी खिडक्या बंद करा, पडदे ओढा, संध्याकाळी उघडा. पाणी पीत राहा.

कूलरला हात लावताना जपा. त्याचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात येतात. पाणी भरताना प्लग काढा, अर्थिंग तपासून घ्या आणि गळती झाली की वीज तोडणारा स्विच मिस्त्रीकडून बसवून घ्या.

आणि कोणी बरळायला लागलं, गोंधळलं, बेशुद्ध पडलं किंवा अंग भाजल्यासारखं तापलं, तर पंख्याखाली झोपवून वाट बघू नका. अंगावर पाणी ओता आणि १०८ ला फोन करा.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

१. मिनिटाला किती घनमीटर हवा देतो?
२. फुल स्पीडला किती वॉट खातो?
३. किती व्होल्टपर्यंत नीट चालतो?
४. वॉरंटी किती वर्षांची आणि दुरुस्ती कुठे होते?
५. वीज जाऊन आल्यावर आपोआप सुरू होतो का?

पाचही उत्तरं मिळाली तर रंग आणि पात्यांची नक्षी तुमच्या आवडीची निवडा. आणि मेच्या दुपारी आजी पंखा बंद करा म्हणाली, तर बंद करा आणि तिला ओला दुपट्टा द्या.