आधी देणे, मग दान

रमजानमध्ये सूर्य मावळतीला आला की पिंपळगाव बसवंतच्या मुस्लिम घरांत इफ्तारची ताटे मांडली जातात. खजूर, कलिंगड, भजी आणि जोडीला द्राक्षांचा घड. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. गेली काही वर्षे तो नेमका निफाड तालुक्यातील द्राक्ष हंगामात येत आहे. या दिवसांत देशभरातील बाजारांत आणि बांगलादेश, आखाती देशांतही फळांची मागणी वाढते. हायवेवरून क्रेटनी भरलेल्या गाड्या रात्रंदिवस धावतात.

या गोड फळामागे एक कडू हिशेब मात्र दरवर्षी शिल्लक राहतो. माल गेला, गाडी गेली, व्यापारी गेला; पैसे आलेच नाहीत. द्राक्षपट्ट्यात असे एखादे उदाहरण नाही, असे गाव शोधावे लागेल.

यामागचे कारण द्राक्षाच्या स्वभावातच आहे. कांदा चाळीत ठेवता येतो, द्राक्ष थांबत नाही. ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी होते, चार-साडेचार महिने औषध, खत आणि मजुरीवर पैसा ओतला जातो आणि घडात गोडी भरली की बाग आठ-पंधरा दिवसांत खाली करावी लागते. त्यात आभाळ भरून आले की शेतकऱ्याचा धीर सुटतो. कांदा-टोमॅटोचा लिलाव बाजार समितीत होतो. तिथे व्यापाऱ्याला परवाना लागतो, अनामत ठेवावी लागते आणि मालाचे पैसे त्याच दिवशी चुकते करण्याचा नियम आहे. द्राक्षाचा सौदा बहुतेक वेळा बागेतच होतो. परवाना कोण पाहतो? पहिल्या गाडीचे पैसे रोख मिळतात, दुसरीचे निम्मे, आणि तिसऱ्या-चौथ्या गाडीला ‘वरून पैसे आले की ऑनलाइन टाकतो’ एवढाच शब्द मिळतो.

आता तर सौदा फोनवरच उरकतो. घडांचे फोटो व्हॉट्सॲपवर जातात, दर ठरतो, परप्रांतातील अनोळखी खरेदीदार गाडी पाठवतो. मोबाईल किंवा जुनी मोटारसायकल ऑनलाइन विकणाऱ्याला पैसे येईपर्यंत वस्तू घरात ठेवता येते. तोडलेले द्राक्ष वेलीला परत लागत नाही. म्हणून इथे सावधगिरी तोडणीच्या आधीची, नंतरची नव्हे.

२०२० मध्ये या दुखण्याला मोठी वाचा फुटली. नाशिक परिक्षेत्राचे तत्कालीन विशेष पोलीस महानिरीक्षक डॉ. प्रताप दिघावकर यांनी फसवणूक झालेल्या शेतकऱ्यांना पुढे येण्याचे आवाहन केले. तक्रारींची रीघ लागली, गुन्हे दाखल झाले आणि गुन्ह्याच्या धाकाने अनेक व्यापाऱ्यांनी अडकवलेले पैसे परत केले. कोट्यवधींची थकबाकी अशी वसूल झाली. त्या मोहिमेने दोन गोष्टी दाखवून दिल्या. बुडाले म्हणून सोडून दिलेले पैसेही परत येऊ शकतात. आणि ज्याच्या हाती कागद असतो, त्याची तक्रार लवकर उभी राहते.

कागदाचा हा आग्रह रमजानशीही नाते सांगणारा आहे. कुरआन याच महिन्यात अवतरू लागले, अशी श्रद्धा आहे. त्यातील सर्वात लांब आयत नमाज किंवा रोजावर नाही, ती उधारीच्या व्यवहारावर आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. आपल्याकडे मात्र कागद मागितला की समोरचा म्हणतो, ‘विश्वास नाही का?’ आणि भिडेखातर शेतकरी गप्प बसतो. खरे तर लिहून ठेवणे हा अविश्वास नव्हे. उद्या स्मरण चुकले, माणूस आजारी पडला, वारसांत वाद झाला, तरी नाते टिकावे म्हणून कागद असतो.

तो कागद साधाच हवा. व्यापाऱ्याचे नाव, कायमचा पत्ता, आधार व पॅनची प्रत. द्राक्षाचा वाण, दर, क्रेटची संख्या, काट्यावरचे वजन, कपात किती आणि पैसे कोणत्या तारखेला मिळणार. खाली दोघांच्या व एका साक्षीदाराच्या सह्या. गाडीचा नंबर आणि वजनपावतीचा फोटो काढून ठेवावा. विसार घ्यावाच, आणि मागच्या गाडीचे पैसे जमा झाल्याशिवाय पुढची गाडी भरू नये. गावातील दहा बागायतदारांनी मिळून हा नियम पाळला, तर एकट्यावर भीड पडत नाही.

पैसे ‘टाकले’ म्हणून आलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. तो बनावटही असू शकतो; स्वतःच्या बँक खात्यात रक्कम दिसली तरच ती खरी. पैसे घेण्यासाठी कधीही यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही की क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. कोणी तसे सांगितले, तर तो पैसे द्यायला नाही, काढायला बसला आहे. अशी फसगत झालीच, तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम दूर जाते.

धनादेश घेतला असेल तर तारखा सांभाळाव्यात. धनादेश त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरावा लागतो. तो न वटता परत आल्याचे बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करता येते. परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ च्या कलम १३८ नुसार यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ या आश्वासनांवर हे ३० दिवस निघून जातात आणि हातातले शस्त्र बोथट होते. सुरुवातीपासूनच बुडवण्याचा हेतू दिसत असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार होऊ शकते. एरवी वसुलीचा दिवाणी दावा साधारण तीन वर्षांच्या आत करावा लागतो. दाव्याआधीच लोकअदालतीत तडजोड करण्याचाही मार्ग आहे. तिथला निवाडा अंतिम असतो.

इथे व्यापाऱ्याची बाजूही पाहायला हवी. प्रत्येक थकबाकीदार लबाड नसतो. दूरच्या बाजारात दर कोसळतो, वाटेत माल खराब होतो, वरचा मोठा खरेदीदार त्यालाच बुडवतो. अशा खरोखर अडचणीत सापडलेल्या देणेकऱ्याला सवड द्या, जमल्यास माफ करा, असे कुरआन सांगते. पण ऐपत असूनही चालढकल करणाऱ्याला पैगंबरांनी जुलमी ठरवले आहे. फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. अडचणीतला माणूस फोन उचलतो, घरी येतो, हप्ता बांधून घेतो. लबाड माणूस नंबर बदलतो.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. संत तुकारामांनी घरच्या सावकारीची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे सांगतात. त्याच कथेत एक तपशील आहे, तो सहसा विसरला जातो. त्यांनी निम्मी खते भावाला दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडवली. माफी द्यायची ती आपल्या हक्कातून, आणि ती देणार तो ज्याचे पैसे अडकले आहेत तो. देणेकऱ्याने ती स्वतःच स्वतःला देऊन टाकायची नसते.

रमजानमध्ये अनेकजण वर्षाची जकात काढतात, साधारणपणे बचतीच्या अडीच टक्के. तो हिशेब करताना सध्या फेडायची देणी आधी वजा केली जातात, कारण दुसऱ्याचे पैसे आपली संपत्ती नव्हे. जनाजाच्या नमाजापूर्वीही घरचा माणूस उभा राहून सांगतो, ‘मय्यतीकडे कुणाचे देणे असेल तर आम्हाला सांगा.’ मृत्यूनंतरही सुटत नाही असे हे ओझे आहे.

फळांच्या व्यापारात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, बागाही सर्वांच्या आहेत. इफ्तारची दावत द्यावी, गोरगरिबांना शिधा वाटावा, मंदिर-मशिदीला देणगी द्यावी, सगळे चांगलेच. पण खिशातली ती रक्कम एखाद्या बागायतदाराच्या घामाची असेल, तर तिचा रस्ता आधी त्याच्या घराकडे जातो. पाऊस तोंडावर आला की त्याला पुन्हा खत घ्यायचे असते, सोसायटीचे कर्ज फेडायचे असते, मुलांची फी भरायची असते. ईदपूर्वी त्याच्या खात्यात पैसे पोहोचले, तर ईद त्याच्याही घरी होईल, मग तो कोणत्याही धर्माचा असो.