आधणातली साखर

समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवरचा एखादा गोलसर दगड तळहातावर घेऊन पाहा. त्याची गोष्ट तिथे पिढ्यानपिढ्या सांगतात. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी सूफी संत बाबा शेख फरीद यांची टिंगल केली आणि त्यांचे नारळ, त्यांचा सगळा माल दगड झाला! भूविज्ञान या दगडांना झिओलाइटचे गोळे म्हणतं. लाव्हाच्या थरांतल्या पोकळ्यांमधून खनिजांनी भरलेलं ऊन पाणी झिरपत राहिलं आणि त्यातून ते साकळले. आणि बाबा फरीद यांची उपाधी काय? गंज-ए-शकर, म्हणजे साखरेचा खजिना.

ऊन पाणी आणि साखर. ही जोडी ऐकली की मला एका जिवाची आठवण होते.

ऊनकेश्वरच्या किंवा वज्रेश्वरीच्या कुंडात पाय सोडले की चटका बसतो ना? त्याहून कितीतरी तापलेल्या, 80 अंशांच्या पाण्यात, तेही लिंबाच्या रसासारख्या आंबट, सल्फोलोबस सुखानं वाढतो. थॉमस ब्रॉक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यांमधून शोधलेल्या या जिवाचं वर्णन 1972 मध्ये प्रसिद्ध झालं. तो दिसतो जिवाणूसारखा, पण जिवाणू नव्हे. 1977 मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवून दिलं की हे घराणंच वेगळं आहे. त्याला आज आर्किया म्हणतात.

आता खरी गंमत. इटलीत, नेपल्सजवळच्या सोल्फातारा या ज्वालामुखीत सल्फोलोबसचा एक भाऊबंद सापडला. त्यालाही सल्फोलोबसच म्हटलं गेलं. तो ग्लुकोज खातो आणि गॅलॅक्टोजही खातो. या दोन साखरांत फरक केवढा? दोघींत सहा-सहा कार्बन. फक्त चौथ्या कार्बनवरची एक जोडणी एकीत या बाजूला, तर दुसरीत त्या बाजूला. एवढ्याशा फरकासाठी आपल्या शरीराला वेगळी विकरं बाळगावी लागतात. त्यातलं एखादं जन्मतः नसेल, तर बाळाला आईचं दूधही बाधतं, कारण दुधातल्या साखरेत निम्मा वाटा गॅलॅक्टोजचा असतो.

हा जीव मात्र दोन्ही साखरा एकाच घाण्यात घालतो. आधी हायड्रोजन काढतो, मग पाणी काढतो, आणि मग साखळी मधोमध तोडतो, नेमकी तिसऱ्या आणि चौथ्या कार्बनच्या मध्ये! जिथे फरक होता तिथेच घाव. चौथ्या कार्बनची मांडणी बदलते आणि डावं-उजवं उरतच नाही. दोन्ही साखरांचे तुकडे आता अगदी सारखे. कुठला ग्लुकोजचा आणि कुठला गॅलॅक्टोजचा, कुणी ओळखून दाखवावं!

पण एवढ्या उष्णतेत साखर फोडताना मधले पदार्थ टिकतात कसे? आपल्या पेशींतला एक मधला पदार्थ इतका नाजूक आहे की या उकाड्यात तो क्षणात विरून जाईल. उकळत्या पाण्यातल्या अशा जिवांनी ती पायरीच गाळली आणि थेट पुढच्या पायरीवर उडी घेतली. इटलीच्याच व्हल्कानो बेटाच्या किनाऱ्यावर सापडलेला पायरोकोकस फ्युरिओसस 100 अंशांवर वाढतो. त्याचं उडी घेणारं विकर टंगस्टनवर चालतं. होय, जुन्या बल्बच्या तारेतलं टंगस्टन!

पाच कार्बनच्या साखरांची तऱ्हा आणखी निराळी. आपल्या शेतातल्या पऱ्हाटीच्या काडीत झायलोज ही अशीच साखर साखळ्यांमध्ये गुंफलेली असते. ती सुटी करून दिली, तर सोल्फाताराचा जीव तीही पचवतो. एका मार्गानं तो तिची पाच कार्बनची साखळी तोडतच नाही. तिच्यातून हायड्रोजन आणि पाणी काढत काढत ती अखंडच ऊर्जेच्या मुख्य चक्रात सोडतो. त्याच चक्रात, जे या क्षणी तुमच्या पेशींतही फिरतंय.

इतक्या साखरा खाणाऱ्या सोल्फाताराच्या या जिवाचं नाव सल्फोलोबस, म्हणजे गंधकाचं, कसं राहणार? 2018 मध्ये शास्त्रज्ञांनी ते बदललं. आता त्याला सॅकॅरोलोबस म्हणतात, आणि त्यातलं 'सॅकॅरो' म्हणजे साखर.