निवृत्त खाणकामगार आणि एचआयव्हीचा दुर्लक्षित प्रश्न

निजामाच्या हैदराबाद राज्यात, येल्लंदूजवळच्या सिंगरेणी गावाच्या परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोळसा निघू लागला आणि १९२० मध्ये ज्या सिंगरेणी कोलियरीज कंपनीची नोंदणी झाली, ती आज तेलंगण शासन व केंद्र सरकार यांच्या संयुक्त मालकीची असून तिच्या खाणी कोत्तागुडेमपासून गोदावरीखनी, मंदमर्री व बेल्लमपल्लीपर्यंत पसरल्या आहेत. या खाणींत, तसेच राज्याच्या सीमेपलीकडील चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यात, हयात घालवलेल्या कामगारांपैकी निवृत्तीनंतर कोणी मूळ गावी परततात, कोणी खाणीच्या गावातच राहतात, तर कोणी मुलांच्या नोकरीपाठोपाठ हैदराबादला येतात. त्यांच्या रक्तदाबाची, मधुमेहाची आणि गुडघ्यांची विचारपूस होते. लैंगिक आरोग्याविषयी मात्र त्यांना कोणीच विचारत नाही आणि एचआयव्हीच्या बाबतीत हे मौन जिवावर बेतू शकते.

खाणकामामुळे एचआयव्ही होत नाही, हे प्रथम स्पष्ट असले पाहिजे. हा विषाणू असुरक्षित लैंगिक संबंधांतून, दूषित रक्तातून वा सुयांतून आणि आईकडून बाळाला संक्रमित होतो. परंतु कमावता पुरुष दूरच्या खाणीवर आणि बायको-मुले गावी, अशी ताटातूट वर्षानुवर्षे चालली की जोखीम वाढते. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत लेसोथो व मोझांबिक येथून आलेल्या पुरुषांना कुटुंबाविना वसतिगृहांत ठेवण्याची पद्धत होती आणि तिची किंमत त्या पुरुषांबरोबरच गावाकडच्या त्यांच्या पत्नींनाही मोजावी लागली. सिंगरेणीत कंपनीने कामगार वसाहती बांधल्यामुळे अनेकांना सहकुटुंब राहता आले; तरीही ज्यांना क्वार्टर मिळाले नाही किंवा जे कंत्राटावर राबले, त्यांच्या वाट्याला हे एकटेपण आलेच.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजेच १९९२ मध्ये स्थापन झालेल्या नाकोने, स्थलांतरित कामगार आणि ट्रकचालक यांना अधिक जोखमीचे समूह व सर्वसाधारण समाज यांच्यातील दुवा मानून त्यांच्यासाठी जनजागृतीचे कार्यक्रम आखले. या कार्यक्रमांचा रोख कामाच्या ठिकाणांवर असल्याने नोकरी संपताच कामगार त्यांच्या कक्षेबाहेर जातो. विषाणूला मात्र निवृत्ती नसते: उपचार न झाल्यास लागण आणि गंभीर आजार यांच्यात बहुधा ८ ते १० वर्षे जातात, त्यामुळे सेवेच्या अखेरच्या काळात झालेली लागण निवृत्तीनंतर उघड होऊ शकते. सिंगरेणीत निवृत्तीचे वय २०२१ मध्ये ६१ करण्यात आले, तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पुरुषांच्या मुलाखती वयाच्या ५४ व्या वर्षापर्यंत आणि स्त्रियांच्या ४९ व्या वर्षापर्यंतच घेतल्या गेल्या. एचआयव्हीची माहिती कोणाला किती आहे, हे ज्या पाहणीतून देशाला कळते, तिच्यात निवृत्त कामगार आणि त्यांच्या समवयस्क पत्नी यांना स्थानच नाही.

वयामुळे निदानही अवघड होते. खाणीतून आलेल्या माणसाचा खोकला आणि धाप कोळशाच्या धुळीने होणाऱ्या न्यूमोकोनिओसिस या फुप्फुसविकाराच्या खाती टाकली जाते, तर घटलेले वजन आणि थकवा वयाच्या. वस्तुतः ही क्षयरोगाचीही लक्षणे असू शकतात आणि एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत क्षयरोग सर्वाधिक आढळतो. म्हणूनच प्रत्येक क्षयरुग्णाची एचआयव्ही चाचणी व्हावी, असे राष्ट्रीय धोरण आहे. लागणीच्या जोखमीवरही वयाचा परिणाम होतो: रजोनिवृत्तीनंतर योनिमार्गाचे अस्तर पातळ व कोरडे होत असल्याने स्त्रियांना लागणीचा धोका वाढतो, आणि गर्भधारणेची भीती उरली नाही म्हणून कंडोम अनावश्यक ठरवला जातो. मधुमेहाने आलेले लिंगताठरतेचे दौर्बल्य लपवण्यासाठी काही पुरुष लैंगिक आरोग्याविषयीच्या याच मौनापोटी डॉक्टरांना न विचारता सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या घेतात. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्यांचा रक्तदाब त्यामुळे धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो.

या साऱ्यावर उपाय आहे आणि तो दूरही नाही. आयसीटीसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रांत आधी समुपदेशक बोलतो, संमतीनंतरच रक्त घेतले जाते आणि पहिली तपासणी सकारात्मक आल्यास वेगळ्या किटांवर पुन्हा पडताळणी केल्याशिवाय निदान सांगितले जात नाही. हैदराबादच्या उस्मानिया आणि गांधी रुग्णालयांतील एआरटी केंद्रांत, म्हणजे विषाणूची वाढ रोखणाऱ्या औषधांच्या केंद्रांत, उपचार मोफत मिळतात. ही औषधे जगभर पुरवणाऱ्या हेटेरो आणि अरबिंदो या कंपन्यांची मुख्यालयेही याच शहरात आहेत. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्रित गोळी रोज एकदा घ्यावी लागते. नियमित उपचारांनी रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न दिसण्याइतके घटले आणि तसेच टिकले, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. मात्र डोल्युटेग्राव्हिरमुळे मधुमेहावरील मेटफॉर्मिनचे रक्तातील प्रमाण वाढते, तर आम्लपित्तावरील काही औषधांमुळे डोल्युटेग्राव्हिरचाच प्रभाव घटतो. म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवणे वृद्ध रुग्णासाठी आवश्यक ठरते.

२०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायद्याने संमतीविना चाचणी, माहितीचा गोपनीयताभंग आणि उपचारांतील भेदभाव यांना मनाई केली आहे. म्हणून निवृत्तीच्या कागदपत्रांसाठी एचआयव्ही चाचणीची सक्ती होता कामा नये. पेन्शनचे अर्ज भरले जातात त्याच सुमारास पती-पत्नी दोघांनाही लैंगिक आरोग्याचे समुपदेशन, सरकारी केंद्राचा पत्ता आणि १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक मिळावा, आणि चाचणीचा निर्णय व निकाल सर्वस्वी त्यांच्याच हाती राहावा. कामगार संघटना, कंपनीची रुग्णालये आणि तेलंगणची एड्स नियंत्रण सोसायटी यांनी मनावर घेतले तर हे सहज घडू शकते. देशाच्या विजेसाठी ज्यांनी जमिनीखाली आयुष्य झिजवले, त्यांच्या म्हातारपणीच्या आरोग्याची जबाबदारी अखेरच्या पगाराबरोबर संपत नाही.