जन्मजात थायरॉईड कमतरता: प्रश्न फक्त बुद्धीचा नाही

बाळाला जन्मतःच थायरॉईड कमी असेल तर धोका फक्त बुद्धीला, आणि गोळी सुरू झाली की विषय संपला, असं बहुतेक पालक धरून चालतात. भारतात साधारण हजार-बाराशे नवजात बाळांमागे एकाला ही कमतरता असते, म्हणून हा समज तपासायलाच हवा. टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब टीपकागदावर वाळवून आजार ओळखला आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर मतिमंदत्व टळतं. हे मोठंच यश आहे. पण थायरॉईडचं हेच संप्रेरक त्या काळात हृदयही घडवत असतं. ठोका पडल्यावर स्नायूतलं कॅल्शियम मागे खेचून त्याला सैल करणारा पेशींतला पंप याच संप्रेरकामुळे पुरेसा तयार होतो. शिवाय मेंदू आणि हृदय ही वेगळी खातीही नाहीत. थायरॉईडचा संदेश नीट न पोचणाऱ्या उंदरांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात चेतापेशींचा एक छोटा गट कमी भरतो, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं. तोच गट निरोगी प्रौढ उंदरांत नष्ट केला, तेव्हा त्यांचा रक्तदाब वाढला.

उंदरांवरून माणसाचं कसं ठरवायचं, ही शंका रास्तच आहे. पण इटलीत २००८ मध्ये तपासलेल्या, ही जन्मजात कमतरता असलेल्या तरुणांना जन्मानंतर लगेच गोळी सुरू झाली होती, तरी त्यांचं हृदय सैल होण्यात थोडं मागे होतं, मानेच्या धमनीची भिंत किंचित जाड होती आणि व्यायामाची क्षमता कमी होती. अभ्यास लहान होता, हे दोष म्हणजे हृदयविकार नव्हे, आणि उपचारांतल्या चढउतारांचाही त्यांत वाटा दिसला. मोठेपणी थायरॉईड कमी झालेल्यांचं हृदय गोळीने बहुधा पूर्ववत होतं, मग इथे का नाही? तिथे आधीच घडलेल्या हृदयाचं काम मंदावलेलं असतं. इथे कमतरता हृदयाच्या जडणघडणीतच येते, काही अंशी गर्भातच, आणि तो काळ गोळीने परत येत नाही. यावरून ‘गोळीनेच हृदय बिघडतं’ असा अर्थ काढून ती बंद करणं मात्र घातक आहे. गोळीमुळे होणारा त्रास चुकलेल्या मात्रेचा असतो, कमी आणि जास्त दोन्ही. म्हणून वाढत्या वजनाप्रमाणे मात्रा बदलायची, लोह, कॅल्शियम किंवा सोयाबीनसोबत गोळी द्यायची नाही, आणि मूल कॉलेजात गेल्यावरही टीएसएच या थायरॉईडच्या रक्तचाचणीच्या जोडीने रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासत राहायचं.