सेवेला निघताना पेटीत काय भरावे?

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजातला एक जुना विद्यार्थी घरी आला. मुलगा हुशार, अंगाने काटक, नुकताच बी. एड. झालेला. म्हणाला, "सर, दोन वर्षांसाठी भामरागडच्या बाजूला निघालोय. मुलांना शिकवायला. पगार नाही, पण राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण आहे." मला फार बरे वाटले. मग त्याने खिशातून सामानाची यादी काढली. तंबू, दुर्बीण, मोठा सुरा, चार जाड जीनच्या विजारी, चामडी बूट, आणि पुस्तके तर किती! मी यादी दोनदा वाचली आणि विचारले, "अरे, मच्छरदाणी कुठे आहे?" तो म्हणाला, "ती काय, तिथं मिळेल की!"

त्या एका उत्तरामुळे आज हे सगळे सांगावेसे वाटले. तुमच्या गावातून, तुमच्या शाळेतून असा एखादा तरुण किंवा तरुणी निघणार असेल, तर त्यांच्या कानावर हे जरूर घाला.

उष्ण कटिबंध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आफ्रिकेची जंगले येतात. पण कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, भोपाळच्याही थोडे वरून जाते. म्हणजे आपला अख्खा महाराष्ट्र उष्ण कटिबंधातच बसलेला आहे. शिक्षकमंडळींना हे नव्याने सांगायला नको. परंतु पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या हवेत वाढलेल्या माणसाला हा कटिबंध खऱ्या अर्थाने भेटतो तो गडचिरोलीच्या दक्षिणेला. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांच्या संगमावर भामरागड आहे. १९७३ साली बाबा आमट्यांनी जिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला ते हेमलकसा तिथून जवळच. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, हिवाळ्यात पहाटे दात वाजतात, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तो मुलूख जगापासून तुटतो, असे वर्षानुवर्षे होत आले आहे.

मी स्वतः पंचविशीत असताना त्या भागात सव्वा वर्ष राहिलो आहे. जाताना बरोबर एक लोखंडी पेटी नेली होती. आलापल्लीपर्यंत एस. टी., पुढे मिळेल ते वाहन आणि शेवटी पायी. वाटेत नाला भरलेला. ती पेटी दोघा माडिया गृहस्थांनी डोक्यावर घेऊन पार केली, आणि मी नुसत्या हातांनी पलीकडे जाताना घसरून चष्मा पाण्यात घालवला. पेटीत साठ पुस्तके होती. दुसरा चष्मा नव्हता! पुढे दीड महिना, चंद्रपूरची खेप होईपर्यंत, मी मुलांची तोंडे अंदाजाने ओळखत होतो. तेव्हापासून माझा एक नियम आहे. जे स्वतः उचलून दोन-तीन किलोमीटर चालता येईल, तेवढेच सामान न्यावे. आणि ज्यावाचून अडेल ती वस्तू, मग तो चष्मा असो की रोजचे औषध, दोन नग घेऊन दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावी.

आता मच्छरदाणीकडे येतो. महाराष्ट्रातल्या हिवतापाचा मोठा वाटा या एका जिल्ह्यातून येत आला आहे, आणि त्यातही फाल्सिपॅरम जातीचा, ज्याला लोक मेंदूचा हिवताप म्हणतात तो, तिथे पुष्कळ. हिवतापाचा डास ॲनाफेलीस. त्याची मादी चावते ती दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत. डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादला दिसले, तेव्हापासून हे सर्वांना ठाऊक आहे. तरी माणूस संध्याकाळी उघड्या अंगाने ओट्यावर बसतोच. म्हणून सांजवेळी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायघोळ लेंगा, आणि रात्री कीटकनाशकात मुरवलेली मच्छरदाणी. ही नवी मच्छरदाणी पिशवीतून काढल्यावर एक दिवस सावलीत टांगून हवा द्यावी. धुतली तर सावलीतच वाळवावी, कारण उन्हाने औषधाचा गुण उतरतो. मापाने मोठी घ्यावी, म्हणजे चारही कडा अंथरुणाखाली खोचता येतात. नुसती लोंबती सोडलेली मच्छरदाणी म्हणजे दार उघडे टाकून कुलूप लावण्यासारखे. बरोबर सुतळीचा गुंडा, दहा-बारा खिळे, सुईदोरा हवाच. खोलीत हुक असेल या भरवशावर राहू नये.

खोचलेल्या मच्छरदाणीचा दुसरा उपयोग शहरातल्यांना माहीत नसतो. मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावतो. दंश इतका हलका की पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही, आणि पुढे श्वास अडतो. नीट खोचलेली मच्छरदाणी त्यालाही अडवते. शक्य तर खाटेवर झोपावे, उशाला टॉर्च ठेवावी आणि तिच्याशिवाय पाय खाली टाकू नये. इतके करूनही दंश झालाच, तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे, मंत्रतंत्र यांत वेळ घालवू नये. हात किंवा पाय न हलवता ठेवून तडक दवाखाना गाठावा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच लस चालते. पोहोचल्याबरोबर जवळच्या कोणत्या दवाखान्यात ती मिळते आणि रात्री तिथवर नेणारे वाहन कोणाकडे आहे, ही चौकशी पहिल्याच दिवशी करावी. सामान नंतर लावले तरी चालेल.

औषधांच्या बाबतीत निघण्यापूर्वी निदान दीड महिना आधी डॉक्टरांकडे जावे. धनुर्वात, विषमज्वर, कावीळ यांच्या लसी लागतील त्या घेता येतात. कुत्र्याच्या चाव्याआधी घ्यायची लसही असते, तीही विचारावी. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या की नाही, कोणत्या आणि किती, हेसुद्धा डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. मित्राच्या सांगण्यावरून नको. किडलेली दाढ घरूनच काढून जावे, हा सल्ला हसण्यावारी नेऊ नका!

पेटीत जलसंजीवनीची पाकिटे ठेवा. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या मीठ-साखरेच्या पाण्याने माणसे वाचवली. पाकीट संपले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मोजून घालावे, मीठ जास्त झाले तर अपाय होतो. पाणी गढूळ असेल तर आधी गाळावे, मग खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर तसेच ठेवावे. आणि पहिले आठ-दहा दिवस उन्हात मर्दुमकी दाखवू नये. शरीराला त्या उष्म्याची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात.

कपडे थोडे, सुती, सैल, फिक्या रंगाचे. जीनची विजार पावसाळ्यात चार दिवस वाळत नाही. ओली नेसली की जांघेत गजकर्ण झालेच म्हणून समजा. चामड्यावर बुरशी येते, म्हणून प्लास्टिकचे किंवा रबरी जोडे बरे. घालण्यापूर्वी ते रोज झटकावेत, आत विंचू मुक्कामाला असतो. कागदपत्रे झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.

पण शिक्षकाची खरी तयारी पेटीत मावत नाही. तिथली लहान मुले घरी माडिया बोलतात. ही द्राविडी कुळातली भाषा; मराठीशी तिचे नाते नाही. पहिलीतल्या पोराला आपण "बस" म्हटले आणि ते उभेच राहिले, तर ते उद्धट नसते. त्याला आपला शब्द कळलेला नसतो. हे उमगायला मला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत मी विनाकारण रागावलो, त्याचे आजही वाईट वाटते. म्हणून शंभर पानांची एक कोरी वही न्या. मुलांकडून रोज पाच शब्द शिका आणि लिहून ठेवा. मुले आपली शिक्षक झाली की त्यांना भारी गंमत वाटते. "जोहार" एवढे मात्र घरूनच शिकून जा. आणि खाऊ, जुने कपडे वाटायला नेऊ नका, भेटेल त्याचे फोटो काढू नका. ज्यांच्या घरची पेज प्यायची, त्यांच्यापुढे दाते म्हणून उभे राहणे मला तरी बरे दिसत नाही.

कोणी आफ्रिकेत जाणार असेल, तर एक गोष्ट वेगळी आहे. तिथल्या पुष्कळ देशांत पीतज्वर आहे. त्याची लस प्रवासापूर्वी निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते. २०१६ पासून तिचा दाखला जन्मभर चालतो. तो जवळ नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अडकून पडण्याची पाळी येते.

घरच्यांशीही नीट बोलून निघावे. पावसाळ्यात आठवडाभर फोन आला नाही तर घाबरू नका, हे आईला आधीच सांगून ठेवावे, आणि तातडीला कोणाला विचारायचे ते नाव लिहून द्यावे.

परत आल्यानंतरचे सांगायचे राहिले. मी दिवाळीला घरी आलो आणि दहाव्या दिवशी ताप भरला. डॉक्टरांनी विषमज्वर धरून औषध दिले. मी कुठून आलो ते त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. वाटले, प्रवासाचा शीण असेल. चौथ्या दिवशी मी बरळू लागलो. दवाखान्यातल्या म्हाताऱ्या कंपाउंडरने वडिलांना विचारले, "मास्तर असतात कुठं?" त्या एका प्रश्नावर रक्त तपासले गेले आणि फाल्सिपॅरम निघाला. आता तर आशाताईंकडेसुद्धा बोटातल्या रक्ताच्या थेंबावर वीस मिनिटांत तपासणी होते. औषध तीन दिवसांचे असते, ते पुरे घ्यायचे, बरे वाटले तरी मध्येच सोडायचे नाही. दुसऱ्या जातीचा, व्हायवॅक्स नावाचा हिवताप तर यकृतात दडून कित्येक महिन्यांनीसुद्धा उलटतो. तेव्हा परतल्यावर वर्षभर केव्हाही ताप आला, तरी डॉक्टरांसमोर पहिले वाक्य हेच बोलायचे: "मी भामरागडला राहून आलोय, माझं रक्त तपासा." आमच्या विद्यार्थ्याकडून मी ते तीनदा म्हणवून घेतले, आणि यादीतला सुरा खोडून तिथे मच्छरदाणी लिहिली.